बारीक चूक कोणाची? प्रोग्रॅमिंग लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनविषयी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

विषय वाचून दोघा-तिघांनी मला बाहेरच विचारलं, की अहो, स्पेलिंगच्या चुका दुरुस्त करण्यावर तासभर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. मी स्पेलिंगवर फारसं बोलणार नाहीच. पण सुरुवात मात्र एका चिन्हापासून करतो.

पायथॉन भाषेतल्या पुष्कळशा लायब्रऱ्यांचं डॉक्युमेंटेशन रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट नावाच्या लेखनपद्धतीत लिहितात. तिच्यात वाचकाला सावधगिरीची सूचना द्यायची तर ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं, मग मोकळी जागा, मग ‘वॉर्निंग’ हा शब्द आणि त्याला चिकटून लागोपाठ दोन कोलन. मग छापील पानावर छान चौकट येते. आता समजा, लिहिणाऱ्याच्या हातून दोनाऐवजी एकच कोलन पडला. काय होईल? अक्षर वाकडं दिसेल? रंग जाईल? नाही. ती अख्खी सूचना पानावरून नाहीशी होते. कारण एका कोलनने ती ओळ यंत्राच्या लेखी ‘टिप्पणी’ ठरते, म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली नोंद, आणि टिप्पण्या पानावर छापत नाहीत. एरर येत नाही. लिहिणाऱ्याला वाटतं आपण सावध केलं. वाचणाऱ्याला कोणी सावध केलेलंच नसतं. आणि मूळ फाइल उघडून पाहिली तर वाक्य तिथे आहे, अगदी सुवाच्य.

ही चूक दुरुस्त करायला एक अक्षर लागतं. बदलांच्या यादीत ती ‘टायपो’ या सदरात जाते. माझं म्हणणं असं, की हे सदरच फसवं आहे.

श्रोत्यांत निम्मे लोक प्रोग्रॅमर नाहीत, म्हणून थोडं सांगतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून ठेवलेला, आपण उचलून वापरायचा कोड. तारखा मोजायच्या, फाइल वाचायची, यादृच्छिक आकडा काढायचा, हे आपण स्वतः लिहीत नाही. लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. ते फंक्शन आतून कसं चालतं हे बहुतेक जण पाहत नाहीत. पाहतात ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं दोन-चार ओळींचं गद्य. पायथॉनमध्ये त्याला डॉकस्ट्रिंग म्हणतात. ते कोडच्या फाइलमध्येच असतं, फंक्शनच्या नावाखाली, कोडच्या वर. एकाच घरात दोन भाडेकरू राहावेत तसा हा प्रकार आहे. कोड यंत्र वाचतं. डॉकस्ट्रिंग माणूस वाचतो. कोडमध्ये कंस चुकला तर यंत्र ताबडतोब ओरडतं. डॉकस्ट्रिंगमध्ये ‘लहान’च्या जागी ‘मोठा’ लिहिलं तर यंत्राला काही फरक पडत नाही. ते वाक्य वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

यावर एक उपाय पायथॉनमध्ये फार लवकर निघाला. टिम पीटर्स यांनी लिहिलेलं डॉकटेस्ट नावाचं साधन २००१ सालच्या २.१ या आवृत्तीपासून भाषेबरोबरच येतं. डॉकस्ट्रिंगमध्ये दिलेली उदाहरणं ते खरोखर चालवून पाहतं आणि लिहिलेलं उत्तर जुळतं का ते तपासतं. कल्पना सुंदर आहे. माझं हे आवडतं साधन आहे. पण ते उदाहरणं तपासतं, वाक्यं नाही. उदाहरण बरोबर आणि वर लिहिलेलं वाक्य चुकीचं, अशी डॉकस्ट्रिंग डॉकटेस्टमधून पूर्ण गुणांनी पास होते.

आता माझी गोष्ट. ही सांगायला मला अजून थोडं जड जातं, पण तिच्याशिवाय पुढचं बोलणं कोरडं होईल.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक लहानशी लायब्ररी वापरत होतो. नाव सांगत नाही. चांगली माणसं होती, आणि चूक माझी होती. तिच्यात एक फंक्शन होतं. दोन तारखा द्यायच्या, मधल्या सगळ्या तारखांची यादी मिळायची. डॉकस्ट्रिंगमध्ये लिहिलं होतं, की यादीत सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही तारखा येतात. माझ्या मासिक अहवालात मात्र ३१ तारखेचे आकडे येईनात. दोन संध्याकाळी घालवल्यावर लक्षात आलं, की कोड शेवटची तारीख देतच नाही.

मराठीत आपल्याकडे याची सोय आहे. ‘३१ मार्चअखेर’ म्हटलं की ३१ तारीख आत. ‘३१ मार्चपर्यंत’ म्हटलं की लोक भांडू शकतात. आणि भांडण नको असेल तर ‘धरून’ किंवा ‘सोडून’ म्हणायचं. त्या डॉकस्ट्रिंगमध्ये ‘धरून’ होतं आणि कोड ‘सोडून’ वागत होता.

मी काय केलं? डॉकस्ट्रिंगमधला एक शब्द बदलला. ‘धरून’चं ‘सोडून’ केलं. पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे माझा बदल मूळ प्रकल्पात घ्या अशी रीतसर विनंती. शीर्षक दिलं: डॉक्युमेंटेशनमधली किरकोळ चूक दुरुस्त केली. अर्ध्या तासात मंजूर. खाली मेंटेनरचा अंगठा. माझी ती पहिली पुल रिक्वेस्ट. घरी येऊन मी बायकोला सांगितलं, की आपलं नाव लागलं हो. (हशा)

वर्षभराने कोणी तरी शहाण्या माणसाने त्या फाइलचा जुना इतिहास उकरला. कोडची प्रत्येक ओळ कधी, कोणी, का बदलली याची नोंद गिटमध्ये राहते. त्याला दिसलं, की मूळ लेखकाने फंक्शन दोन्ही तारखा धरूनच लिहिलं होतं. नंतर एकाने साफसफाई करताना हाताने लिहिलेलं चक्र काढून तिथे पायथॉनचं रेंज घातलं. रेंज शेवटचा आकडा देत नाही. त्यात एक मिळवावा लागतो. तो एक मिळवायचा राहिला. त्या फंक्शनची जुनी चाचणीही त्याच साफसफाईत गेली होती. म्हणजे चूक कोडमध्ये होती. मूळ हेतू काय होता याचा एकच साक्षीदार शिल्लक होता, ती डॉकस्ट्रिंग. आणि त्या साक्षीदाराचा जबाब मी बदलून टाकला होता.

बरं, मग आता कोड दुरुस्त करा की! तेही होईना. कारण मधल्या वर्षात लोकांनी माझं वाक्य वाचून आपापल्या प्रोग्रॅममध्ये एक दिवस वाढवून घेतला होता. आता कोड सुधारला असता तर त्यांच्याकडे महिन्यात एक दिवस जास्तीचा आला असता. चूक माझ्या वाक्यामुळे कायदा झाली होती.

म्हणून आज मी डॉक्युमेंटेशनमधल्या बारीक चुकीकडे पाहतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो: चूक कोणाची? वाक्य आणि कोड जुळत नाहीत एवढंच आपल्याला दिसलेलं असतं. दोघांत खोटं कोण हे अजून ठरायचं असतं. दुरुस्ती करणारा नकळत न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. आणि बहुतेक वेळा, माझ्यासारखा, साक्षीपुरावा न पाहता निकाल देतो. कारण वाक्य बदलणं सोपं असतं आणि कोड बदलायची भीती वाटते.

वाक्याची ताकद किती असते याचं एक मोठं उदाहरण पायथॉनमध्येच आहे. त्यातला डिक्शनरी हा प्रकार, म्हणजे नाव आणि किंमत यांच्या जोड्या ठेवायचं कपाट. जुन्या आवृत्त्यांत या जोड्या कोणत्या क्रमाने बाहेर येतील याची खात्री नव्हती. डिसेंबर २०१६ मध्ये ३.६ आवृत्ती आली. तिच्यात डिक्शनरीची आतली मांडणी बदलली, जागा कमी लागू लागली, आणि जाता जाता जोड्या घातल्या त्याच क्रमाने बाहेर येऊ लागल्या. पण त्या आवृत्तीच्या माहितीत स्पष्ट बजावलं होतं, की हा आतल्या रचनेचा भाग आहे, यावर विसंबू नका. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये भाषेचे जनक ग्विदो व्हान रॉसम यांनी निर्णय दिला, की क्रम टिकतो हे आता भाषेचं वचन समजा. जून २०१८ च्या ३.७ मध्ये ते वचन डॉक्युमेंटेशनमध्ये आलं.

इथे थांबून पाहा. ३.६ वापरणाऱ्याच्या पडद्यावर जे दिसत होतं, तेच ३.७ वापरणाऱ्याच्या पडद्यावर दिसत होतं. वागणूक तीच. बदललं ते वाक्य. पण ३.६ मध्ये क्रमावर विसंबून कोड लिहिणारा चुकत होता आणि ३.७ मध्ये तसंच लिहिणारा बरोबर ठरला. तीच ओळ, तोच निकाल, आणि गुन्हा माफ!

उलटा किस्साही आहे. सी भाषेत मेमसीपीवाय नावाचं फंक्शन आहे, स्मृतीतला मजकूर एका जागेहून दुसरीकडे नकलणारं. त्याच्या माहितीत पहिल्यापासून लिहिलेलं आहे, की दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. कित्येकांनी ते वाचलं नाही, किंवा वाचून सोडून दिलं, कारण तसं केलं तरी चालत होतं. २०१० साली लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीने हे फंक्शन जलद करताना नकलण्याची दिशा बदलली. नियमाप्रमाणे तिला ती मुभा होतीच. आणि फेडोरा १४ वर ॲडोबीच्या फ्लॅशमधून गाणी खरखरत ऐकू येऊ लागली. लिनस टॉरवल्ड्स यांचं म्हणणं, की वापरणाऱ्याला तुमच्या नियमाशी काय करायचंय, त्याचं चालतं ते मोडू नका. समोरच्यांचं म्हणणं, की नियम लिहिलेला आहे. शेवटी २.१४ आवृत्तीत तडजोड झाली: जुन्या प्रोग्रॅमना जुनी वागणूक, नव्यांना नवी. डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य शब्दशः खरं होतं आणि तरी त्याने कोणाला वाचवलं नाही. आता त्या पानावर, ही अट न पाळल्यामुळे मोठ्या चुका झालेल्या आहेत, अशी नोंद वेगळी केलेली आहे. मला ती नोंद आवडते. तिच्यात थोडा चिडलेला माणूस दिसतो.

आता जरा समीक्षकाचा चष्मा लावतो आणि एक वाक्य तुमच्यासमोर सोलून दाखवतो. सोलायचाच विषय आहे. पायथॉनमध्ये मजकुराच्या डाव्या टोकाची अक्षरं काढून टाकणारं एलस्ट्रिप नावाचं फंक्शन आहे. काय काढायचं ते कंसात सांगायचं. समजा, तुमच्याकडे ‘टेस्ट, अंडरस्कोर, सेट, डॉट सीएसव्ही’ अशा नावाची फाइल आहे. तुम्हाला सुरुवातीचं ‘टेस्ट’ आणि अंडरस्कोर काढायचाय. तुम्ही एलस्ट्रिपला तेवढंच देता. हाती काय येतं? ‘सेट डॉट सीएसव्ही’ नाही. हाती येतं फक्त टिंब आणि सीएसव्ही! फाइलचं नाव फस्त. कारण ते फंक्शन तुमचा शब्द शब्द म्हणून घेत नाही. त्यातली अक्षरं सुटी करून पिशवीत भरतं, आणि डावीकडून पिशवीतलं अक्षर दिसेल तोवर खात सुटतं. टी, ई, एस आणि अंडरस्कोर ही चारच पिशवीत, पण इंग्रजीत ‘सेट’ही त्यांतल्याच अक्षरांचा बनतो.

डॉक्युमेंटेशन काय म्हणतं? आधी म्हणतं, की हा काढायच्या अक्षरांचा संच आहे. उत्तम. मग म्हणतं, हा शब्दाचा सुरुवातीचा तुकडा समजू नका. फारच उत्तम. आणि मग म्हणतं, तर त्यातल्या किमतींचे सगळे ‘संयोग’ काढले जातात. इथे माझी तक्रार आहे. संयोग म्हटलं की शाळेत गणित शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे जोड्या, त्रिकं, क्रमचय असलं काही तरी येतं. इथे कसलेच संयोग नाहीत. एकेक अक्षर पाहायचं, पिशवीत असेल तर टाकायचं, नसेल तिथे थांबायचं. वाक्य खोटं आहे असं कोणी सिद्ध करू शकणार नाही, पण मनात चित्र मात्र चुकीचं उभं राहतं. अशा वाक्याला टायपो म्हणता येत नाही, म्हणून ते कोणी हातात घेत नाही.

लोक चुकत राहिले. इतके, की २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या ३.९ आवृत्तीत ‘रिमूव्हप्रीफिक्स’ आणि ‘रिमूव्हसफिक्स’ अशी दोन नवी फंक्शनं घालावी लागली. त्यांच्या प्रस्तावात कारण म्हणून हा वारंवार होणारा गोंधळच दिलेला आहे. त्यानंतर एलस्ट्रिपच्या माहितीत एक उदाहरण आलं: ‘आर्थर: थ्री!’ या मजकुरातून ‘आर्थर’, त्यापुढचा कोलन आणि मोकळी जागा काढायला सांगितलं, तर उरतात फक्त दोन ‘ई’ आणि उद्गारचिन्ह. इंग्रजी ‘थ्री’ची पहिली तिन्ही अक्षरं आर्थरच्या नावात आहेत ना! हे उदाहरण ज्याने निवडलं त्याला माझा नमस्कार. आधीच्या तीन वाक्यांना जमलं नाही ते त्याने एका ओळीत केलं, आणि ते चालवून पाहता येतं. ‘संयोग’ मात्र अजून तिथेच आहेत.

आणखी एक शब्दप्रयोग मला छळतो. इंग्रजीतलं ‘मे नॉट’. एखाद्या फंक्शनविषयी लिहिलेलं असतं, की ते दोनदा बोलावलं ‘मे नॉट’ जावं. याचा अर्थ काय? ‘दोनदा बोलावू नये’, की ‘दोनदा बोलावलं जाईलच असं नाही’? एक मनाई आहे, दुसरी शक्यता. मराठीत ही दोन वाक्यं एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. क्रियापदच वेगळं होतं. इंग्रजीत ती एकाच शब्दांत बसतात. इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्यांनी मार्च १९९७ मध्ये आरएफसी २११९ या दस्तऐवजात असे शब्द बांधून दिले: ‘मस्ट’ म्हणजे काय, ‘शुड’ म्हणजे काय, ‘मे’ म्हणजे काय. त्यात ‘मस्ट नॉट’ आहे, ‘शुड नॉट’ आहे. ‘मे नॉट’ नाही. शहाणी माणसं.

यातून मी एक निष्कर्ष काढला आहे, तुम्हाला पटतो का बघा. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही, ते डॉक्युमेंटेशनमधली चूक शोधायला जास्त लायक असतात. लंडनचा माणूस ‘मे नॉट’ वाचून पुढे जातो, कारण संदर्भाने त्याला अर्थ लागलेला असतो, किंवा लागला असं वाटतं. आपण अडखळतो. आपल्याला प्रत्येक शब्दावर पाय ठेवून चालावं लागतं. आणि अडखळल्यावर आपण काय करतो? आपलंच इंग्रजी कच्चं म्हणून गप्प बसतो! मी विद्यार्थ्यांना सांगतो, की तीन वेळा वाचून वाक्य कळलं नाही तर फंक्शन चालवून बघा. चालवल्यावर वाक्याचे दोन अर्थ निघतात असं दिसलं, तर त्रुटी वाक्यात आहे.

याच मापाने पाहिलं तर पायथॉनच्या ‘युनिफॉर्म’ फंक्शनची माहिती मला आदर्श वाटते. दोन आकड्यांच्या दरम्यानचा यादृच्छिक अपूर्णांक देणारं फंक्शन. वरचं टोक यादीत येतं का? ते लिहितात, की येईल किंवा येणार नाही, ते दशांशांच्या गोळाबेरजेवर अवलंबून आहे, आणि कोणत्या सूत्राच्या गोळाबेरजेवर तेही देतात. आम्ही ठाम सांगू शकत नाही, आणि का सांगू शकत नाही ते हे. किती सभ्य वाक्य! नमपायमध्ये याच कामाचं फंक्शन आहे. त्याच्या माहितीत वरचं टोक वगळलेलं आहे असं लिहिलेलं होतं, आणि आता त्याखाली गोळाबेरजेमुळे ते टोक येऊही शकतं अशी कबुली जोडलेली आहे.

काही चुका तर दुरुस्तीच्या पलीकडे जातात. वेबवर तुम्ही एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की ब्राउझर ‘रेफरर’ नावाची नोंद पाठवतो. इंग्रजीत त्या शब्दात मध्ये दोन ‘आर’ हवेत. १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये एकच आहे. तेव्हापासून जगभरचे ब्राउझर आणि सर्व्हर रोज ही चूक इमानाने करतात, कारण बरोबर लिहिलं तर समोरच्याला कळणार नाही. गंमत म्हणजे नंतर आलेल्या ‘रेफरर पॉलिसी’ या नोंदीत स्पेलिंग बरोबर आहे. दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. युनिक्समध्ये फाइल निर्माण करायच्या आज्ञेच्या नावात शेवटचा ‘ई’ नाही. केन थॉम्प्सन यांना विचारलं होतं, की युनिक्स पुन्हा केलं तर काय बदलाल? ते म्हणाले, तो ‘ई’ घालीन.

आता एका अप्रिय विषयाकडे येतो, कारण त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. दर ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम असतो. मुक्त प्रकल्पांना हातभार लावा, अमुक इतक्या पुल रिक्वेस्ट पाठवा. २०२० साली चार पाठवायच्या होत्या आणि पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला आणि जगभरच्या मेंटेनरांच्या दारात कचरा येऊन पडला. ‘डॉक्युमेंटेशन सुधारलं’ असं शीर्षक, आणि आत रीडमी फाइलमध्ये ‘अद्भुत प्रकल्प’ असे शब्द चिकटवलेले. पुल रिक्वेस्ट कशी करतात ते दाखवताना आपल्याकडच्या एका लोकप्रिय चॅनेलच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून असाच बदल केला होता, आणि पाहणाऱ्यांनी तोच गिरवला. तीन दिवसांत आयोजकांना नियम फिरवावा लागला: जे प्रकल्प स्वतःहून ‘आम्ही सहभागी’ म्हणतील तेवढेच धरले जातील. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर पुन्हा तेच. शिकवणीत नमुना म्हणून एक्सप्रेसची रीडमी वापरली होती. शिकणाऱ्यांनी तिच्यात आपापली नावं घालून विनंत्या पाठवल्या.

तेव्हा या मुलांची यथेच्छ टिंगल झाली. मला ती आवडली नाही. टिंगल करणाऱ्यांनीच वर्षानुवर्षं नवख्यांना सांगितलं होतं, की कोड येत नाही ना, मग डॉक्युमेंटेशनपासून सुरू करा, सोपं असतं. प्लेसमेंटच्या बायोडेटात गिटहबवरचे हिरवे चौकोन मोजले जातात हेही मुलांना ठाऊक होतं. सोपं काम आणि मोजली जाणारी संख्या, हे त्यांनी शब्दशः घेतलं. मी स्वतः ‘धरून’चं ‘सोडून’ केलं तेव्हा माझ्याही डोक्यात नाव लागण्याचाच विचार होता. त्या मुलांच्या ‘अद्भुत’ने कोणाचा हिशोब तरी चुकला नाही. माझ्याने चुकला.

एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकला होता होता पाठ बिघडले होते. त्यांनी प्रती ताडून पाहिल्या. कवी म्हणून ते काही लहान नव्हते. मनात आणलं असतं तर चार ओव्या घालणं अवघड नव्हतं. उलट त्यांनी पुढच्यांनाही बजावून ठेवलं, की यात कोणी आपली ओवी घालू नका. दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगी हा संकोच लागतो. आता डॉकस्ट्रिंग म्हणजे ज्ञानेश्वरी नव्हे, हे मला समजतं. (हशा) पण प्रती ताडायचं काम तेच आहे.

ते प्रत्यक्षात कसं करतात? चुकीचं वाक्य दिसलं की आधी फंक्शन चालवायचं, आणि टोकाच्या किमती देऊन चालवायचं: शून्य, रिकामी यादी, शेवटची तारीख. चुका मध्यावर राहत नाहीत, काठावर राहतात. मग ती ओळ कधी आली ते गिटच्या इतिहासात पाहायचं. वाक्य आधी आलं की कोड? कोड नंतर बदललेला असेल तर वाक्यावर संशय घेण्याआधी कोडवर घ्यायचा. चाचण्या वाचायच्या, चाचणी काठ तपासत असेल तर हेतू तिथे लिहिलेला असतो. चाचणीच नसेल तर वाक्याला हात न लावता मेंटेनरना विचारायचं: हे दोन जुळत नाहीत, तुम्हाला यातलं कोणतं हवंय? एवढा एक प्रश्न मी तेव्हा विचारला असता तर आज माझ्याकडे सांगायला गोष्ट नसती.

आणि स्वल्पविराम, स्पेलिंग, एकेरी-दुहेरी अवतरणाची खूण यांचे बदल अर्थाच्या बदलात मिसळायचे नाहीत. चाळीस स्पेलिंगच्या बदलांत एक ‘धरून-सोडून’ लपलं तर तपासणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसत नाही. हे मी मेंटेनर या नात्याने सांगतो. आता मीही एक लहान लायब्ररी सांभाळतो आणि संध्याकाळी थकलेल्या डोळ्यांनी अशा विनंत्या मंजूर करतो. ‘किरकोळ’ असं शीर्षक दिसलं की हल्ली मी चहा करून आणतो आणि मग उघडतो.

तुम्ही विचाराल, त्या तारखांच्या फंक्शनचं पुढे काय झालं. त्यांनी जुनी वागणूक तशीच ठेवली आणि फंक्शनला आणखी एक पर्याय दिला: शेवटची तारीख धरायची की सोडायची ते बोलावणाऱ्याने सांगायचं. न सांगितलं तर सोडायची. माझं वाक्य अजून तिथे आहे. त्याखाली कोणी तरी सूचना घातली आहे, की पूर्वीच्या आवृत्त्यांत या बाबतीत डॉक्युमेंटेशन आणि कोड यांत विसंगती होती. मी मुद्दाम मूळ फाइल उघडून पाहिली. कोलन दोन आहेत.

प्रश्न असतील तर घेऊ या.